ओट्यावरची भाकरी आणि राखणीचा कुत्रा

वस्तीवरचा कुत्रा ओट्यावरची भाकरी पळवतो आणि मागाहून काठी खातो. पण मार कशाचा, हे त्याला उमगत नाही. भाकरी मिळाली एवढंच ध्यानात राहतं. दहांत एकदा साधलं तरी खोड पक्की होते. म्हणून आधी अन्न झाकून शिंक्यावर ठेवा. ठरल्या वेळी, त्याच्याच ताटलीत खायला घाला. ओट्याकडे वळला की 'थांब' म्हणा. थांबला की लगेच खाली तुकडा द्या. घरातल्या सर्वांनी हाच नियम पाळावा.

उसातल्या उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष ओट्यावर कालवू नका. ते टाकाल तेव्हा कुत्रा बांधून ठेवा. त्या विषावर नेमका उतारा नाही, हे आम्ही बजावून सांगतो.