जुनी मोठी मोटरहोम घेताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

जुनी आलिशान मोटरहोम घ्यायचा विचार अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या घरात चालू असेल, तर गाडी पाहायला निघण्यापूर्वी पुढचा क्रम एकदा नजरेखालून घालावा. अशा गाडीत तीन वस्तू एकत्र विकल्या जातात: कागदपत्रे, इंजिनासह चेसिस म्हणजे मूळ सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर बांधलेले घर. विकणारा आधी घर दाखवतो, कारण सोफा, पलंग आणि मोठा टीव्ही डोळ्यांत भरतात. आपण उलट जावे. घरातली खोट थोड्या पैशांत निघते, चेसिसची खोट बऱ्याच पैशांत निघते आणि कागदांतली खोट पुष्कळदा निघतच नाही.

१. वर्षातल्या रात्री मोजाव्यात. कॅलेंडर समोर ठेवून घराबाहेर खरोखर किती रात्री राहणार, ते लिहून काढावे. शेगाव अकोल्याहून तासाभराचे, आणि मुक्काम पडलाच तर तिथल्या मंदिर संस्थानचे भक्तनिवास आहेत. चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. या जागांसाठी मोटरहोम लागत नाही. तिचा खरा उपयोग सलग, लांबच्या प्रवासात होतो: गाडीने नर्मदा परिक्रमा, राजस्थान, किंवा थेट कन्याकुमारी. अशा रात्री वर्षाला तीसच्या वर जात नसतील, तर विकत घेण्यापेक्षा भाड्याची गाडी बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तीसच्या वर जात असतील तरी आधी एकदा भाड्याने घेऊन चार-पाच दिवस सर्वांनी मिळून राहून पाहावेच. शक्यतो एप्रिल-मेमध्ये.

२. गाडीचे मूळ विचारावे. बाजारात येणाऱ्या गाड्या साधारण तीन कुळांतल्या असतात. काही नामांकित कारखान्यात कॅराव्हॅन म्हणूनच बांधलेल्या असतात. काही फोर्स ट्रॅव्हलर किंवा बसच्या चेसिसवर एखाद्या बॉडी बिल्डरने बांधून दिलेल्या असतात. तिसऱ्या कुळात चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन किंवा प्रचारदौऱ्याचे रथ येतात. व्हॅनिटी व्हॅन दिवसभर एका जागी, जनरेटरवर उभी राहण्यासाठी केलेली असते. आत आरसे, जड फर्निचर, मोठे एसी. पण चालत्या गाडीत बसायला पट्ट्यासह आसने थोडीच. ती स्वस्तात मिळते म्हणून कुटुंबाच्या प्रवासाला घेऊ नये.

३. आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत मागवावी, गाडी नंतर पाहावी. आरसीवरचा वाहनाचा वर्ग हा सर्वांत महत्त्वाचा शब्द. तिथे मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद हवी. आत पलंग आणि संडास, पण आरसीवर मात्र बस किंवा मालवाहू, असे असेल तर थांबावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीविना गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतली असेल तर तिचा कागद विकणाऱ्याकडे असतोच. 'आपल्याकडे पासिंग करून देतो' हे एजंटचे आश्वासन कागदाच्या जागी धरू नये.

त्याच बैठकीत परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा, विमा, फिटनेस आणि थकलेले ई-चलन तपासावे. बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी बँकेच्या पत्रासह नमुना ३५ लागेल. दुसऱ्या परिवहन कार्यालयाकडची गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना २८, आणि नावावर करण्यासाठी नमुना २९ व ३०. गाडी परराज्यातली असेल तर महाराष्ट्रातला कर वेगळा भरावा लागतो आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची झाल्यास नव्याने नोंदणीही लागते. कमी कराच्या राज्यात नोंदवलेली गाडी म्हणूनच सुरुवातीला स्वस्त वाटते. कराचा नेमका आकडा अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या परिवहन कार्यालयातून इसार देण्यापूर्वी काढून घ्यावा.

वयही इथेच पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, तेव्हा उत्तरेच्या यात्रा मनात असतील तर तिथला चालू नियम पाहूनच कोणत्या सालची गाडी घ्यायची ते ठरवावे. देशभर बीएस-६ या प्रदूषण-मानकाची अट १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यानंतरची गाडी मिळाली तर या बाबतीत बरीच निश्चिंती राहते.

४. गाडी धरमकाट्यावर न्यावी. ही तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि वऱ्हाडात ती सर्वांत सोपी आहे. कापूस, तूर, सोयाबीनच्या बाजारामुळे काटा दर थोड्या अंतरावर सापडतो. पाण्याची आणि डिझेलची टाकी भरून गाडी काट्यावर चढवावी. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून एक आणि फक्त मागची ठेवून एक. तिन्ही पावत्या जपून ठेवाव्यात.

हिशेब असा करावा. आरसीवर भारासह कमाल वजन ७,२०० किलो आहे आणि काट्यावर भरल्या टाक्यांसह ६,८०० आले, असे समजा. उरले ४०० किलो. सहा माणसे बसली की ते संपले. गाद्या, भांडी, धान्य, कपडे आणि शेगडी यांना जागाच उरली नाही. अशी गाडी रोज मर्यादेबाहेर चालते आणि तिचे ब्रेक, पाटे, टायर वेळेआधी जातात. मागच्या एक्सलवर कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भार आला असेल, तर पाण्याची टाकी किंवा जनरेटर चुकीच्या जागी बसवला आहे असे समजावे.

चालक परवान्याचा प्रश्नही वजनाशीच बांधलेला आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. परिवहन वर्गातल्या वाहनांबाबतही हीच मर्यादा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यावरच्या गाडीला अवजड वाहनाचा परवाना लागतो, म्हणजे बहुतेक घरांत पगारी चालक लागतो. तो मुक्कामी कुठे झोपणार, हेही आताच ठरवावे.

५. चाचणी घाटात घ्यावी. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज विक्रमात नोंदला गेला. अशा सपाट, गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही गाडी छानच चालते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सुमारे ११०० मीटर उंचीपर्यंत चढताना मात्र इंजिनाच्या तापमानाचा काटा खरे सांगतो, आणि उतरताना ब्रेक. गाडी पुण्याची असेल तर कात्रज, मुंबईची असेल तर कसारा घाट निवडावा. आपण पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये, असे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसे घेते ते पाहावे. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर इंधनाची व्यवस्था तपासावी लागेल.

बराच काळ उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर वाळलेले असते. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कशीही असली तरी बदलायचेच, असे धरून तो खर्च किमतीतून वजा करावा. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर मे महिन्यात जुना टायर घेऊन जाणे जिवावर बेतते. जड गाड्यांवर काम करणारा आपल्या विश्वासातला मिस्तरी सोबत न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

६. घर दुपारी दोन वाजता पाहावे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून गाडी उन्हात उभी करून एसी लावावा आणि आत तग धरता येण्यासारखे व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. 'रात्रभर बॅटरीवर एसी चालतो' असे कोणी म्हटले तर आकडेमोड करावी. दीड टनाचा एसी सुमारे १,५०० वॅट ओढतो. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत २,४०० वॅट-तास वीज असते, म्हणजे एसी सलग चालला तर दीड-पावणेदोन तास. कॉम्प्रेसर मधून मधून थांबला तरी रात्र निघत नाही. छतावरचे सौर पॅनेल दिवे, पंखे आणि फ्रिजला पुरतात, एसीला नाही. म्हणून गाडीला बाहेरून १५ अँपिअरची वीज जोडण्याची सोय आहे का, जनरेटर किती तास चालला आहे, त्याचा आवाज झोपू देईल का, या तीन गोष्टी पाहाव्यात. देवस्थानाच्या वाहनतळावर रात्री जनरेटर चालवला तर शेजारच्या यात्रेकरूंना त्रास होतो, हेही ध्यानात घ्यावे.

छताची गळती शोधायला पावसाळ्याची वाट पाहू नये. पाण्याचा पाइप लावून छत वीस मिनिटे भिजवावे. मग आत जाऊन एसीच्या चौकटीभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि पलंगाखाली प्लायवूड अंगठ्याने दाबावे. ते दबले किंवा कपाट उघडल्यावर कुबट वास आला, तर आतली लाकडी बांधणी कुजली आहे. वरचा सनमायका कितीही चकचकीत असो.

पाण्याच्या बाबतीत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरचे पाणी टाकीत भरत राहिले की गीझर, पंप आणि नळांवर क्षारांचे थर चढतात. जुन्या गाडीचा गीझर उघडून पाहावा. सांडपाण्याची आणि संडासाची टाकी वेगळी आहे का आणि ती कुठून, कशी रिकामी होते, हे विकणाऱ्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. आपल्याकडे टाकी रिकामी करण्याची तयार सोय असलेली ठिकाणे फार थोडी आहेत. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण आज वाटेत अशी जागा मिळेलच, असे धरून गाडी घेऊ नये.

७. बाहेर पडण्याची दुसरी वाट शोधावी. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती. मोटरहोममध्ये तर लाकूड, फोम आणि पडदे बसपेक्षा जास्त असतात. म्हणून दाराच्या समोरच्या बाजूला किंवा मागे उघडणारी आपत्कालीन खिडकी असलीच पाहिजे. ती कपाटाआड गेली असेल तर सौदा तिथेच थांबवावा. या मुद्द्यावर तडजोड करू नये. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला त्या वाटेने जाता येईल का, हाही विचार करावा. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर गाडीत ठेवू नये, इंडक्शन वापरावे. गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपू नये. आरसीवर जितकी आसने, तितकीच माणसे, तीही पट्टा लावून.

८. उभी कुठे करणार ते ठरवावे. नऊ मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच गाडी शहराच्या जुन्या वस्तीत शिरत नाही, आणि गल्लीतल्या विजेच्या तारा व रेल्वेखालचे बोगदे उंची अडवतात. शेतातल्या गोठ्याशेजारी उभी केली तर उंदीर वायरिंग कुरतडतात. शेड, वीज आणि आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करणारे माणूस, हे तिन्ही हवे.

९. वर्षाचा खर्च मांडावा. मोठी गाडी लिटरला साधारण सहा किलोमीटर देते असे धरले, तर ५,००० किलोमीटरला सुमारे ८३० लिटर डिझेल लागते; ९० रुपये भावाने पाऊण लाख. त्यावर विमा, टोल, टायरसाठी दरवर्षी बाजूला ठेवायची रक्कम, चालकाचा पगार आणि शेडचे भाडे. राष्ट्रीय महामार्गांचा फास्टॅग वार्षिक पास खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे, बसच्या वर्गातल्या गाडीला तो मिळत नाही. समृद्धीवर तर तो कोणालाच चालत नाही. खरेदीच्या किमतीच्या किमान पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. 'मधल्या काळात भाड्याने देऊ' असा बेत असेल तर तो हिशेबातून काढावा, कारण खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही.

१०. इसार अटीसह द्यावा. इसारपावतीवर गाडीचा चेसिस नंबर, आरसीवरचा वर्ग, जनरेटर-बॅटरीसह मिळणाऱ्या वस्तूंची यादी आणि 'ना-हरकत प्रमाणपत्र न मिळाल्यास पूर्ण इसार परत' हे वाक्य असावे. पैसे बँकेतूनच द्यावेत. ताबा घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा आणि आत केलेले बदल, बसवलेली उपकरणे पॉलिसीत लिहून घ्यावीत; न लिहिलेल्या वस्तूचा दावा मान्य होत नाही.

अमरावती-अकोल्याच्या बहुतेक कुटुंबांना साडेसात टनांच्या आतली, सात मीटरपर्यंतची, आरसीवर कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली गाडी पुरते. बसच्या चेसिसवरची मोठी गाडी घेण्यापूर्वी अवजड परवान्याचा चालक आणि सावलीची पक्की जागा या दोन्ही गोष्टी हातात असाव्यात. नसतील तर ती गाडी, किंमत कितीही उतरली तरी, सोडून द्यावी.