चोरीचा माल सापडला, पुढे काय?



विहिरीवरची मोटार चोरीस जाते. आपण फिर्याद देतो, चोर धरला जातो, मोटारही मिळते. पण ती ठाण्याच्या आवारात गंजत पडते आणि इकडे ऊस वाळतो. हे टाळता येते.

जप्त वस्तू म्हणजे मुद्देमाल. पंचनामा होऊन तिची मुद्देमाल रजिस्टरात नोंद होते. ती परत देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी करतात. त्यासाठी कोर्टात अर्ज द्यावा. सोबत खरेदीची पावती, मोटारीचा नंबर, गाडी असेल तर आरसी बुक जोडावे. कोर्ट पोलिसांचे म्हणणे मागवते व बंधपत्र घेऊन वस्तू सुपूर्तनाम्यावर देते. सहसा अट एवढीच, की खटला संपेपर्यंत ती विकू नये व कोर्ट मागेल तेव्हा हजर करावी.

जप्त वाहने ठाण्यात फार काळ पडू देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई देसाई खटल्यात बजावले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार माल कोर्टापुढे आल्यावर 14 दिवसांत यादी व फोटो आणि त्यापुढे 30 दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम व्हायला हवा.

मालक कोण हे न कळल्यास कोर्ट जाहीरनामा काढते. सहा महिन्यांत कुणी हक्क शाबीत केला नाही, तर माल सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो.

तेव्हा पावती जपा, मोटारीवर नाव व गट नंबर कोरून घ्या. 'ही आमचीच' म्हणून भागत नाही, दाखवावे लागते.