अखंड ओघाचा जमाखर्च

डिजिटल दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात मॉड्युलेटर नावाचे यंत्र असते. संगणकाकडून आलेली चित्राची व आवाजाची माहिती रेडिओलहरीवर चढविणे हे त्याचे काम. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरी हा विषय मला परका वाटला नाही. त्याच्या मुळाशी जमाखर्चच आहे, आणि हा शब्द मराठी व कन्नड दोन्ही वह्यांत चालतो!

ही माहिती सुटी जात नाही. तिची 188 बाइटांची सारखी पॅकेटे बांधतात. प्रत्येकाचा पहिला बाइट 71 या किमतीचा असतो. त्यावरून पॅकेटची सुरुवात ओळखतात. डीव्हीबी-टी पद्धतीचे एक उदाहरण घेऊ. 8 मेगाहर्ट्झचा पट्टा, 64-क्यूएएम, 2/3 कोड रेट व 1/32 गार्ड इंटरव्हल ठेवल्यास मॉड्युलेटरला दर सेकंदास सुमारे 2 कोटी 41 लाख 28 हजार बिट लागतात. एका पॅकेटात 1,504 बिट. म्हणजे सेकंदास सुमारे 16,043 पॅकेटे. हा खर्च ठरलेला आहे.

जमा मात्र कमीजास्त होते. समजा, एका सेकंदात कार्यक्रमांचे 2 कोटी बिट आले. त्यांची पॅकेटे झाली 13,298. उरलेल्या 2,745 जागी 8191 क्रमांकाची कोरी पॅकेटे घालतात. घरचा संच ती टाकून देतो. पण पॅकेटांत 27 मेगाहर्ट्झच्या घड्याळाच्या वेळेच्या नोंदीही असतात. कोरी पॅकेटे मध्ये घातल्याने मूळ पॅकेटांची जागा सरकली, तर त्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतात. नाहीतर संचाचे घड्याळ डळमळते.

संगणक अधूनमधून दुसऱ्या कामात गुंततो, म्हणून हाताशी शिल्लक हवी. तिला बफर म्हणतात. अर्ध्या सेकंदाच्या बफरला सुमारे 15 लाख बाइट लागतात. बफर रिकामा झाला आणि कोरी पॅकेटे भरण्याची सोय यंत्रात नसली, तर प्रक्षेपणात खंड पडून पडद्यावर चित्र तुटते. बफर फार मोठा ठेवला, तर कार्यक्रम उशिरा पोचतो.

आता खरी मेख. संगणकाचे घड्याळ मॉड्युलेटरच्या घड्याळापेक्षा लाखात एक भाग जलद आहे, असे माना. फरक नगण्य वाटतो. पण तासाला सुमारे 1 लाख 8 हजार बाइट जादा साठतात. निम्मा भरलेला तो बफर सात तासांत ओसंडू लागतो! घड्याळ मंद असेल, तर तितक्याच वेळात रिकामा होतो. बफर दुप्पट केल्याने संकट टळत नाही, फक्त लांबते.

म्हणून संगणकाने आपल्या घड्याळाप्रमाणे माल ढकलू नये. मॉड्युलेटरच्या बफरात जागा झाली की तेवढाच द्यावा, नसेल तर थांबावे. गती घेणाऱ्याने ठरवावी. हे नीट चालले आहे की नाही, हे ओळखण्यास रोजकीर्दीची रीत पुरते: तासातासाला शिल्लक मांडावी. ती थोडी वरखाली झाली, तर चिंता नाही. एकाच दिशेने सरकत राहिली, तर दोन घड्याळे जुळलेली नाहीत असे खुशाल समजावे.