विमा आहे, पण कोणाचा?

गोव्यात भाड्याने गाडी घेताना चावी देणारा सांगतो, "फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन घेऊ नका." आम्हालाही तेच सांगितलं होतं. आसगावच्या अरुंद रस्त्यावर टेम्पोला वाट देताना दार जांभ्याच्या गडग्याला घासलं. कोणाला लागलं नाही. गाडी परत करताना मात्र आमच्या डिपॉझिटमधून दाराचा खर्च कापला गेला, शिवाय गाडी गॅरेजमध्ये राहणार तेवढ्या दिवसांचं भाडंही. विम्याचं विचारलं तर म्हणाले, "क्लेम केला की आमचा नो क्लेम बोनस जातो." करारातही तसंच होतं.

तेव्हापासून गोव्याला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, तो विमा गाडीमालकाचा असतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तुमच्या हातून दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर त्याच्या भरपाईसाठी. भाड्याच्या गाडीला पोच आला, तर या विम्याचा उपयोग नाही. त्यासाठी ओन डॅमेज भाग लागतो, आणि त्यातही प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप असेल तरच तो वाचतो. पावसाळ्यात जाणार असाल तर इंजिन प्रोटेक्शन आहे का, तेही विचारा.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती चालवणाऱ्याची. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडी ज्याच्या नावावर आहे त्या मालक-चालकासाठी असतं. स्टिअरिंगवर बसलेला तुमचा मुलगा किंवा नवरा त्यात येत नाही. त्याची स्वतःची अपघात विमा पॉलिसी हवीच. ती फार महागही नसते.

आणि नंबर प्लेट बघा. भाड्याने स्वतः चालवायच्या अधिकृत गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते, पण खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही. अपघातानंतर कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि मग मालक तुमच्याच दारात येतो.

पैसे भरण्याआधी पॉलिसीची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, तारीख तपासा. नुकसान झालं तर तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायचे, तो आकडा करारात लिहून घ्या. लिहून द्यायला कोणी कां-कूं करू लागला, तर दुसरीकडे गाडी बघा.