काकांची लंडनची रेकॉर्ड

प्रश्न : काकांनी 1960च्या दशकात लंडनहून आणलेली बीटल्सची 'प्लीज प्लीज मी' ही एलपी माझ्याकडे आहे. कव्हरवर चार सह्या आहेत. ती खरंच मौल्यवान आहे का? जपायची कशी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी रेकॉर्ड पाहा, सह्या नंतर. ही एलपी ब्रिटनमध्ये मार्च 1963मध्ये पार्लोफोनने काढली. अगदी पहिल्या प्रतींच्या काळ्या लेबलवर सोनेरी अक्षरं आहेत. थोड्याच काळात नव्या प्रतींवर ती पिवळी झाली. लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागावर उजेड तिरका पाडा. मोनो असेल तर 'एक्सईएक्स 421' आणि दुसऱ्या बाजूला '422' कोरलेले दिसतील. सोनेरी लेबलची स्टीरिओ प्रत मोनोपेक्षा कितीतरी दुर्मीळ.

सह्यांवर मात्र लगेच विसंबू नका. बीटल्सभोवती चाहत्यांची गर्दी इतकी असे, की नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे सहकारी कित्येकदा चौघांच्याही सह्या करून देत. त्यामुळे काकांचं पत्र, कार्यक्रमाचं तिकीट, फोटो असं काही असेल तर ते कव्हरसोबतच ठेवा. वस्तूचा असा माग प्रमाणपत्राइतकाच मोलाचा असतो.

रेकॉर्ड नेहमी उभी ठेवा, एकावर एक रचू नका. पावसाळ्यात भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, ओल आधी कव्हर खाते. फाटलेल्या कडेला सेलोटेप कधीच लावू नका. आणि विकण्याआधी एकदा ती ऐका. काकांनी ती त्यासाठीच आणली होती.