पंप गुणगुणतो, पण फिरत का नाही?



मागील उन्हाळ्यात एके दिवशी शाळेच्या टाकीत पाणी चढेना. बटण दाबले की पंप नुसता 'हूं' करी, फिरत नसे. तेव्हा आठवीच्या एका विद्यार्थ्याने मागच्या जाळीतून काठी घालून पंखा ढकलला आणि पंप सुरू झाला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र त्याला रागावलो. "सर, मग तो ढकलल्यावर कसा फिरला?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले, ते आज देत आहोत.

आपल्या घरी येणारी वीज बहुधा सिंगल फेज, 230 व्होल्टची असते. तिची दिशा सतत बदलते. सेकंदाला 50 आवर्तने होतात. ही वीज मोटरच्या एकाच गुंडाळीत सोडली, तर चुंबकत्व वाढते, घटते, उलटते, पण एकाच रेषेत. ते गोल फिरत नाही. गणिताने पाहिले तर ही विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन सारख्या चुंबकत्वांची बेरीज असते. जात्याचा खुंटा दोघींनी सारख्याच जोराने उलटसुलट ओढला, तर जाते हलणार कसे? मात्र एका बाजूला धक्का मिळाला की त्या दिशेचा जोर वरचढ ठरतो व मोटर धावू लागते. काठीने हेच केले.

ज्यांचे वडील पिपरियाच्या कारखान्यात आहेत, त्यांनी घरी विचारावे. तेथील थ्री फेज मोटरमध्ये तीन प्रवाह एकामागून एक येतात, त्यामुळे चुंबकत्व आपोआप गोल फिरते. घरच्या मोटरमध्ये त्यासाठी दुसरी गुंडाळी बसवून तिला कंडेन्सर जोडतात. (आम्ही हिंदीतून शिकलो, म्हणून आमच्या तोंडी 'संधारित्र' येते. मराठी पुस्तकात 'धारित्र' आहे. दुकानदाराला मात्र कंडेन्सरच समजतो!) त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीतील प्रवाह पहिलीच्या थोडा पुढे धावतो आणि फिरण्याची दिशा ठरते. आमच्या पंपाचा कंडेन्सरच निकामी झाला होता. छताचा पंखा मंदावतो, तेव्हाही पुष्कळदा दोष याचाच असतो.

गंमत म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, रोटरला, कोणतीही तार जोडलेली नसते. फिरत्या चुंबकत्वामुळे त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्यांत वीज उत्पन्न होते. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये चुंबकत्व मिनिटाला 50 × 60 = 3000 फेरे घेते, पण पंपाच्या पट्टीवर 2880 च्या आसपास आकडा दिसेल. रोटरने बरोबरी गाठली तर सळ्यांत वीजच उत्पन्न होणार नाही. म्हणून तो मागेच राहतो.

आता रागावण्याचे कारण. अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते व थोड्याच वेळात गुंडाळी जळू शकते. पंखा अचानक फिरला तर काठीसह हात ओढला जातो. शिवाय बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असू शकते. म्हणून पंप गुणगुणला की लगेच बटण बंद करावे आणि मोठ्यांना हाक मारावी.

वायरमनने कंडेन्सर बदलला. परवा त्याच विद्यार्थ्याने विचारले, "सर, उलट्या बाजूने ढकलला असता तर?" उलटा फिरला असता, आणि पाणी धड चढले नसते.