चाकावरचे घर आणि वैशाखाचे ऊन

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि ‘चाकावरचे घर’ ही कल्पना आपल्याकडे चर्चेत आली. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार घेऊन हिंडायचे, हे शहरी माणसाला नवे वाटले. आपल्या धाराशिव जिल्ह्याला मात्र फिरता संसार नवा नाही. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी लादून ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कारखान्याच्या तळावर बांबू, चटया आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी उभी राहते. माझ्या नात्यातली काही माणसेही याच वाटेने जातात. मोटारीत राहणारा हौसेने राहतो आणि कोपीत राहणारा पोटासाठी, हा फरक मोठा आहे. परंतु उन्हाळ्यात दोघांपुढचा प्रश्न एकच असतो : पातळ भिंतींचे घर थंड कसे ठेवावे?

प्रथम आपल्या माळवदाच्या घराचा विचार करू. जाड भिंती आणि वर हात-दीड हात मातीचा थर. दुपारचे ऊन हा थर पोटात घेतो आणि त्याची धग आत पोचेपर्यंत दिवस कलतो. म्हणून अशा घरात दुपारी दारे-खिडक्या लावून बसणे शहाणपणाचे. कोपीला किंवा मोटारीला असे वजन वाहता येत नाही. पत्रा आणि प्लॅस्टिक घटकाभरात तापतात आणि आतली हवा बाहेरच्या हवेहून गरम होते. तेव्हा माळवदाचा नियम येथे उलटा करावा लागतो. जड घर दिवसा बंद ठेवावे. हलके घर दिवसा उघडे ठेवावे. मात्र हलक्या घराचा एक गुणही आहे. ते जसे लवकर तापते, तसे सूर्य मावळल्यावर लवकर निवतेही.

दुसरी गोष्ट छपराची. आपला जिल्हा सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. अशा वेळी सर्वांत जास्त ऊन छपरावर पडते. म्हणून खर्च किंवा कष्ट करायचे ते आधी छपरावर करावेत. पत्र्याला चुन्याची सफेदी दिली तर पुष्कळसे ऊन परत फेकले जाते. त्याहून चांगला उपाय दुहेरी छपराचा. छपराच्या वर वीतभर अंतर सोडून जुने लुगडे किंवा ताडपत्री ताणून बांधावी. ऊन वरच्या कापडावर पडते आणि मधली तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. कापड छपराला चिकटले तर अर्धा फायदा गेलाच. कोपीवर पाचट टाकले तर सावली चांगली होते. पण दाराशी चूल असते आणि वाळलेल्या पाचटाला ठिणगी पुरते, हे विसरून चालत नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचे ऊन तिरपे होऊन बाजूवर येते. म्हणून घराची अरुंद बाजू पश्चिमेकडे करावी. मोटारीची पुढची मोठी काच त्या बाजूला येऊ देऊ नये. काच ऊन आत घेते, पण तापलेल्या वस्तूंची धग बाहेर सोडत नाही. पडदा लावायचा तर काचेच्या बाहेरून लावावा. आतून लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन घरात आलेलेच असते.

चौथी गोष्ट पाण्याची. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. एवढ्या उष्णतेने ५८ लिटर पाणी १० अंशांनी तापले असते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे वाऱ्याच्या बाजूस बांधलेले ओले गोणपाट चांगले काम देते. कोकणातल्या दमट हवेत ते तितके उपयोगी पडत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आपण पाहिलाच असेल. पुढ्यात पाणी कोसळत असताना आत गारवा अनुभवण्याची ती आदिलशाही सोय होती. तत्त्व गोणपाटाचेच. पण महालाला नदी होती. कोपीतल्या बाईला घागर डोक्यावरून आणावी लागते. तिने ते पाणी गोणपाटावर शिंपावे की लेकराला प्यायला ठेवावे?

येथे हा विषय पदार्थविज्ञानाचा उरत नाही. एरवी हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. परंतु २०२१-२२ साली ऊस उदंड झाला, मराठवाड्यात तो शेतात उभा राहिला आणि गाळप जूनपर्यंत लांबले. ऐन वैशाखात तोडणी चालू राहिली. पहाटे अंधारात फडात गेलेली माणसे दुपारी सावलीला परततात, तेव्हा ती सावली म्हणजे तापलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. लहान मूल तर दिवसभर त्याखालीच असते. मोटारीतल्या प्रवाशाला ऊन सोसवले नाही तर तो गाडी महाबळेश्वरकडे वळवू शकतो. टोळीला हंगाम संपेपर्यंत तळ सोडता येत नाही.

वर सांगितलेल्या उपायांना फार पैसा लागत नाही : ताणलेले कापड, वारा खेळेल अशी समोरासमोर दोन दारे, पश्चिमेला पाठ. ऊसतोडीला जाणाऱ्या बायामाणसांना यांतले पुष्कळ अनुभवाने ठाऊक आहे. त्यांच्या हाती नसते ते तळावरचे झाड आणि जवळचा नळ. या दोन गोष्टी एका कुटुंबाने करण्यासारख्या नाहीत. त्या कारखान्यांनी, शासनाने आणि समाजाने करायच्या आहेत. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यंदा एखाद्या तळावर भरले आणि तेथे कडुलिंबाची चार रोपे लावून ती जगवण्याची व्यवस्था झाली, तर पुढच्या काही वर्षांत तेथील कोप्यांना खरे छप्पर मिळेल.